बारा कप्प्यांचं झुरळ

एकतीस वर्षं मी शाळेत मोठ्या वर्गांना जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली असं लोक म्हणतात. माझ्या मते मी अजून नोकरीतच आहे, फक्त शाळेने मला आत यायला बंदी केली आहे. त्यामुळे आमच्याकडे पेस्ट कंट्रोलवाला फवारणीला आला आणि त्याने आपलं पत्रक ओट्यावर ठेवलं, तेव्हा मी ते सवयीने तपासायला घेतलं. 'समूळ' मधला दीर्घ ऊ त्याने ऱ्हस्व केला होता. ते मी मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि खालच्या चित्राकडे वळले.

चित्र झुरळाचं होतं. पाठ उघडून आतले अवयव दाखवलेलं, पंख दोन्ही बाजूंना नीट पसरलेलं. आणि ते माझं होतं.

माझं म्हणजे मी काढलेलं. लग्नघरात दाराबाहेर शंभर जोड असले तरी आपली चप्पल पायाला कळते. तो डावा मागचा पाय किंचित आखूड, कारण कागदाची कड आली होती. मिशांचा तो बाक. फक्त उजव्या कोपऱ्यातली माझी सही गायब होती, आणि त्या जागी फोन नंबर होता.

"हे कुठून आणलंत?" मी विचारलं.

"काय, औषध?"

"झुरळ."

"झुरळं तुमचीच आहेत बाई. मी फक्त मारायला आलोय."

"तेच म्हणतेय मी. हे झुरळ माझं आहे."

त्याने तोंडावरचा मास्क खाली केला. अशी कबुली देणारं गिऱ्हाईक त्याला त्याच्या धंद्यात प्रथमच भेटलं असावं. सगळं समजावून सांगितल्यावर तो खजील झाला आणि म्हणाला, "नेटवर मिळालं हो. परीक्षेच्या अभ्यासाची एक वेबसाइट आहे ना मोठी, तिच्यावरून घेतलं. हवं तर पुढच्या छपाईत खाली तुमचं नाव टाकतो."

'समूळ नायनाट' या शब्दांखाली माझं नाव कसं दिसेल याचा मी क्षणभर विचार केला आणि नको म्हटलं. पण वेबसाइटचं नाव लिहून घेतलं.

इथे थोडं मागे जाते. शाळेत मी हाताने काढलेल्या एकशेचाळीस आकृत्या होत्या. बेडूक, गांडूळ, जास्वंद, माणसाचा कान, सगळं. निवृत्त झाले तेव्हा परगावी नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीने त्या स्कॅन करून एका छोट्या वेबसाइटवर टाकून दिल्या. वर मी लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांनी खुशाल वापराव्यात, इतरांनी विचारावं, आणि सही कोणीही कापू नये.' आठ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, कोणी बघतच नाही. बघणाऱ्यांच्या आकड्यात निम्मे आमचे हे असावेत, कारण यांना रोज सकाळी तो आकडा वाढलेला बघायला आवडायचं.

मी लेकीला फोन केला. तिने चित्रावरून चित्र शोधायची काहीतरी युक्ती केली आणि दहा मिनिटांत परत फोन केला.

"आई, बसली आहेस ना?"

"बसूनच बोलतेय."

"सत्तेचाळीस ठिकाणी आहे. एका टी-शर्टवर पण आहे. आणि त्या अभ्यासाच्या वेबसाइटवर आडवा त्यांचा शिक्का मारून आहे, 'आमच्या तज्ज्ञांनी तयार केलेली आकृती, परवानगीशिवाय वापरू नये'."

माझ्या संतापाला त्या क्षणी जे शब्द सुचले ते शिक्षकी पेशाला शोभणारे नव्हते. फोन ठेवून मी जाहीर केलं, "या वेबसाइटला मी सोडणार नाही."

आमचे हे विमा कार्यालयात दावे तपासण्याच्या विभागात होते. जगात दोनच प्रकारची माणसं असतात असं यांचं मत आहे: कागद असलेली आणि कागद नसलेली. यांनी त्याच दुपारी एक निळी फाइल उघडली, तिच्यावर सुबक अक्षरांत 'झुरळ' असं लिहिलं आणि कागद गोळा करायला ते घराबाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे जिन्यात भेटेल त्याला "आमच्या झुरळाचं प्रकरण फार वाढलंय" असं सांगत सुटले.

परिणाम व्हायचा तो झाला. दोन दिवसांत इमारतीच्या सेक्रेटरींनी खाली फळ्यावर सूचना लावली: 'सदनिकाधारकांनी आपापली झुरळं आपापल्या घरातच ठेवावीत. प्रकरण वाढू देऊ नये.' शेजारच्या घरच्या सूनबाईंनी आमच्या दाराच्या दिशेला झुरळं मारायच्या खडूने एक पांढरी रेघ ओढली. इतक्या वर्षांचा घरोबा, आणि मध्ये सीमारेषा!

वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू राहतात. त्या समजूत घालायला आल्या. "अहो, कशाला जिवाला लावून घेता? आमच्या मुलाच्या लग्नाचे फोटो त्या फोटोवाल्याने आपल्या जाहिरातीत लावले. आम्ही उलट खूश झालो."

"तुम्हाला विचारलं होतं त्याने?"

"नाही हो. सून सोडून गेली त्याला तीन वर्षं झाली, तरी जाहिरात चालूच आहे. जाता-येता दिसते." एवढं बोलून काकू जायला उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "तुम्ही ते जिंकलात ना, की मला सांगा. अर्ज कुठे करायचा ते."

तळमजल्यावरच्या वकिलांची सगळी हयात कुंपणाच्या भिंतींच्या दाव्यांत गेली आहे. त्यांना जगातला प्रत्येक तंटा कुंपणासारखाच दिसतो. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "सध्या ताबा कुणाकडे आहे?"

"सत्तेचाळीस जणांकडे."

"म्हणजे अतिक्रमण. आणि ती तुमची वेबसाइट कुणाच्या नावावर?"

"लेकीच्या. तिनेच नोंदवली."

वकिलांनी चष्मा काढला. डॉक्टर वाईट बातमी देताना काढतात तसा. "बाई, कागदोपत्री तुमचं झुरळ मुलीच्या नावावर आहे."

आणि नेमकं तेच आडवं आलं. त्या अभ्यासाच्या वेबसाइटचा तक्रारीचा फॉर्म भरायला बसलो, तर पहिलाच प्रश्न: 'आपण मालक आहात की मालकाचे प्रतिनिधी?' मालक म्हटलं तर आमची वेबसाइट माझ्या नावावर असल्याचा कागद मागत होते. प्रतिनिधी म्हटलं तर मालकाची, म्हणजे माझीच, लेखी परवानगी मागत होते. 'कलाकृतीचा प्रकार' या रकान्यात गाणं, चित्रपट, छायाचित्र आणि इतर एवढेच पर्याय. मी 'इतर' निवडलं, 'वर्णन करा' मध्ये 'झुरळ' लिहिलं. मग 'मी यंत्र नाही' यावर खूण केली, नऊ चौकोनांतले वाहतुकीचे दिवे ओळखले, एक दिव्याचा खांब चुकला, आणि सगळा फॉर्म पुसला गेला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी हे म्हणाले, "सोडून दे." मी यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की यांनी गुपचूप दिवे ओळखायला मदत केली.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. 'झुरळ ही निसर्गनिर्मित वस्तू असल्याने सर्व आकृत्या सारख्याच दिसतात. आपला दावा सिद्ध करण्यासाठी मूळ चित्र व शपथेवर प्रतिज्ञापत्र सादर करावे.'

सारख्याच दिसतात म्हणे! एकतीस वर्षांत मी हजारो झुरळं तपासली आहेत. काहींना चार पाय होते, काहींना दहा, एकाला तर भुवया होत्या. सारखी दोन सापडली की शेजारी शेजारी बसलेले दोन विद्यार्थी सापडत.

मूळ चित्र पलंगाखालच्या ट्रंकेत, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडलं. कागद पिवळा पडला होता, पण रेषा जशाच्या तशा. ते घेऊन आम्ही कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडे गेलो. तो आयुष्यभर जमिनी आणि घरं टाइप करत आलेला माणूस. त्याच्याकडे एक ठरलेला नमुना होता, आणि नमुना बदलणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याने खडखड टाइप केलं: 'सदर झुरळ माझ्या स्वकष्टार्जित मालकीचे असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध अथवा बोजा नाही.'

"आता चतुःसीमा सांगा," तो म्हणाला.

"अहो, चित्राला कसल्या चतुःसीमा?"

"मग वर्णन तरी सांगा. वर्णनाशिवाय शिक्का मिळणार नाही."

वर्णन देणं हे यांचं आवडतं काम. यांनी चित्र समोर धरलं, खिशातून माझं जुनं क्रमिक पुस्तक काढलं (हो, ते बरोबर आणलं होतं) आणि एकेक अवयव पडताळून सांगायला सुरुवात केली. मिशा दोन. पाय सहा, पैकी एक आखूड. हृदयाचे कप्पे...

हे थांबले. बोटाने मोजलं. परत मोजलं. मग पुस्तकात पाहिलं.

"अगं," हे हळू आवाजात म्हणाले, "तेरा असतात ना?"

"तेराच असतात."

"इथे बारा आहेत."

मी चित्र हिसकावून घेतलं आणि मोजलं. बारा. उलट्या बाजूने मोजलं. बारा. टंकलेखकाने मशीनवर हात ठेवून विचारलं, "बारा लिहू की तेरा?"

ते कुठे चुकलं हे मला लगेच दिसलं. सातव्या कप्प्यानंतर रेष जाड झाली होती. सव्वीस वर्षांपूर्वीचा रविवार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. समोर ट्रेमध्ये झुरळ, हातात टाक, सातवा कप्पा पुरा झालेला, आणि चार वर्षांच्या माझ्या लेकीने नाकात वाटाणा घातला. तिला उचलून धावत दवाखान्यात नेलं. वाटाणा निघाला. परत येऊन मी पुसून न ठेवलेला टाक बदलला आणि आठवा झालाय असं समजून पुढे नववा काढला.

तेव्हापासून मी निवृत्त होईपर्यंत ते चित्र माझ्या वर्गात भिंतीवर होतं. मी त्याच्यापुढे उभी राहून 'तेरा कप्पे' म्हणत होते आणि मागे बारा लटकत होते. इतक्या वर्षांत एकाही मुलाने मोजलं नाही. किंवा मोजलं असेल आणि मला सांगायची हिंमत झाली नसेल. यातलं कुठलं जास्त वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.

प्रतिज्ञापत्र तसंच अर्धं सोडून आम्ही घरी आलो. लेकीने त्या सत्तेचाळीस चित्रांतली जमतील तेवढी मोठी करून पाठवली होती, ती मी एकेक करून पाहिली. सगळीकडे बारा. सगळीकडे सातव्यानंतर जाड रेष. टी-शर्टवर सुद्धा. यापेक्षा पक्का पुरावा मागून मिळाला नसता. चोरी सिद्ध झाली होती, फक्त ती सिद्ध करायला आपण ढ आहोत हे शपथेवर सांगावं लागणार होतं.

वकील मात्र खूश झाले. "अहो, उत्तमच झालं! लिहून टाका की चूक मुद्दाम केली होती. चोर सापडावा म्हणून. नकाशे काढणारे तसं करतात म्हणे."

"पण मी मुद्दाम केली नव्हती."

"ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. झुरळाला कुठे माहीत आहे?"

हेही म्हणाले, "तसं लिहायला काय हरकत आहे? मान राहील तुझा."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत नक्की झाला. 'दूरदृष्टीच्या शिक्षिका' असं काहीतरी डोक्यात घोळू लागलं. पण ताट उचलता उचलता वाटलं, सत्तेचाळीस ठिकाणी बघून कितीजणांनी बारा पाठ केले असतील? मुद्दाम केलं म्हटलं, तर त्या मुलांना मी मुद्दाम चुकीचं शिकवलं असा अर्थ होतो. त्यापेक्षा चुकलेली बाई बरी.

दुसऱ्या दिवशी टंकलेखकाकडे जाऊन प्रतिज्ञापत्रात मी लिहून घेतलं: 'सदर आकृतीत एक कप्पा कमी आहे. ही चूक माझी आहे. म्हणून आकृतीही माझी आहे.' टंकलेखक म्हणाला, आजवर त्याने असं वाक्य टाइप केलं नव्हतं. लोक मालकी सांगतात, चूक दुसऱ्याच्या नावावर टाकतात.

ते पाठवून मी उत्तराची वाट बघत बसले नाही. त्या वेबसाइटचं कार्यालय आमच्याच शहरात होतं. मी यांना आणि निळ्या फाइलला घेऊन थेट तिथे गेले. काचेच्या खोलीत आम्हाला मजकूरप्रमुख भेटले. पस्तिशीचा, अतिशय नम्र माणूस. पाणी विचारलं, खुर्ची पुढे केली. नम्र माणसांशी भांडणं फार अवघड असतं.

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण आमच्या तज्ज्ञांनीही झुरळ बघूनच आकृती काढली असणार. झुरळ काही कुणाच्या मालकीचं नसतं."

"अगदी बरोबर. झुरळाच्या हृदयाला कप्पे किती?"

ते हसले. "तेरा. मीही जीवशास्त्राचाच आहे."

"मग तुमच्या आकृतीतले मोजा."

त्यांनी समोरच्या पडद्यावर आकृती मोठी केली आणि मोजायला लागले. अकराव्यापर्यंत हसू टिकलं. बाराव्यानंतर ते कडेला काही राहिलं आहे का ते शोधू लागले.

"ही... सोपी करून काढलेली आकृती असेल," ते म्हणाले.

"असेल. आता सातव्यानंतर रेष जाड का झाली तेही सांगा."

मग मीच सांगितलं. वाटाण्यासकट. मूळ कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "तुमच्या तज्ज्ञांच्या मुलीने पण त्याच क्षणी नाकात वाटाणा घातला असेल, तर मी आत्ता उठून जाते."

आमच्या यांनी फाइलची दोरी सोडून पुन्हा बांधली. विमा कार्यालयात दावा मंजूर व्हायच्या आधी हे असंच करत असत.

"आम्ही चित्र पानावरून उतरवतो," मजकूरप्रमुख शेवटी म्हणाले.

"नुसतं उतरवून चालणार नाही. उतरवलंत की बारा कुठून आले ते कुणाला कळणारच नाही. माझं नाव लावा आणि खाली लिहा की यात एक कप्पा कमी आहे."

ते पुढे झुकले. आवाज खाली आणून, खरोखर काळजीने म्हणाले, "बाई, नाव लावलं तर चूकही तुमच्याच नावावर लागेल. लाखभर मुलं बघतात हे पान."

"लागू दे. माझीच आहे ती. इतकी वर्षं तुम्ही ती आपल्या तज्ज्ञांच्या नावावर मिरवलीत, तेव्हा तुम्हाला कुठे वाईट वाटलं?"

ते कबूल व्हायला आणखी तीन आठवडे, सात पत्रं आणि वकिलांची एक नोटीस लागली. नोटिशीत 'कुंपण' हा शब्द दोनदा आला होता, पण काम झालं. दरम्यान मी नवीन आकृती काढायला घेतली. झुरळ धड हवं होतं, चिरडलेलं चालत नव्हतं. त्यासाठी पेस्ट कंट्रोलवाल्यालाच फोन केला. त्याने तीन आणून दिली, एका जुन्या बरणीत, मोठ्या अदबीने. माझा हात आता सावकाश चालतो. दोन रविवार लागले. हे शेजारी बसून दर कप्प्याला मोठ्याने आकडा म्हणत होते, आणि शेजारच्या सूनबाई खडूची रेघ ओलांडून तेरावा बघायला आल्या.

ती आकृती, माझं नाव आणि दुरुस्तीची ओळ आता त्या पानावर आहे. उरलेल्या शेहेचाळीस जणांना मी रोज सकाळी एक याप्रमाणे पत्र पाठवते. आतापर्यंत नऊ जणांनी उतरवलं, चौघांनी नाव लावलं, आणि टी-शर्टवाला म्हणाला की बारा कप्प्यांचाच जास्त खपतोय. त्याला दुसरं पत्र गेलं आहे. तिसरंही जाईल.

पण सांगायचं ते वेगळंच. दुरुस्तीची ओळ लागल्यावर आठवड्याभरात परगावच्या एका शिक्षकांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं: 'गेली सात वर्षं उत्तरपत्रिका तपासताना मी ती आकृती समोर ठेवत होतो. पहिल्याच वर्षी एका मुलीने तेरा कप्पे काढले. मी एक जास्त आहे म्हणून अर्धा गुण कापला. ती वाद घालायला आली, तेव्हा तिला वर्गाबाहेर उभं केलं. तुमची ओळ वाचल्यापासून मला चैन नाही. तिचा नंबर मिळवला आहे, पण फोन करायचा धीर होत नाही.' खाली नंबर होता.

मी हे पत्र दोनदा वाचलं. हे म्हणाले, "त्यांची चूक आहे, त्यांनी करावा फोन."

"कप्पा मी गाळला होता," मी म्हटलं आणि नंबर फिरवला.

पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती. मुलगी आता चोवीस वर्षांची, एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. मी कोण, कुठली, सगळं सांगितलं. चित्र, वाटाणा, सातवा कप्पा. मध्येच तिने मशीन बंद केलं.

"तुझं उत्तर बरोबर होतं बाळ," मी म्हटलं. "चूक माझी होती. मला माफ कर."

"मला माहीत होतं, बाई."

"पुस्तकात वाचलं होतंस?"

"पुस्तक नव्हतं माझ्याकडे," ती म्हणाली. "मी झुरळात मोजले होते."